समुद्री शेवाळ आणि स्मरणशक्ती : कॅप्सूल घेण्याआधी घरातले मीठ तपासा

मागच्या पावसाळ्यात नाशिकच्या गंगापूर रोड भागातले एक कुटुंब माझ्या दवाखान्यात आले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) सासूबाई सत्तरीच्या जवळपास. वर्षभरापासून त्यांचा विसराळूपणा वाढला होता. गॅस बंद केला की नाही, गोळी घेतली की नाही, समोर आलेल्या नातेवाइकाचे नाव काय, अशा गोष्टी त्यांना आठवेनात. सोबत मुलगा आणि सून होते. मुलाने पिशवीतून एक डबी काढून टेबलावर ठेवली. समुद्री शेवाळाच्या अर्काच्या कॅप्सूल, डबीवर मेंदूचे चित्र. "डॉक्टर, आईला हे चालू ठेवू ना? मोबाइलवर खूप चांगलं ऐकलंय."

आईंचा रक्तदाब थोडा वाढलेला होता. म्हणून नेहमीप्रमाणे मिठाबद्दल विचारले. सून म्हणाली, "साधं मीठ आम्ही दोन वर्षांपूर्वीच बंद केलं, डॉक्टर. आता सगळा स्वयंपाक सैंधवात." आणि निघताना तिने सहज सांगितले की तिला तिसरा महिना लागला आहे.

हे ऐकून मी तिघांना पुन्हा बसायला सांगितले. समुद्री शेवाळातल्या ज्या एका घटकाचा मेंदूशी असलेला संबंध निर्विवाद सिद्ध झालेला आहे, तो म्हणजे आयोडीन. त्या घरात आयोडीनची सर्वांत जास्त गरज होती ती पोटातल्या बाळाला, आणि त्याच्या आईच्या ताटातून ते दोन वर्षांपूर्वीच गेले होते. सासूबाईंना मात्र ते कॅप्सूलमधून मिळत होते, किती मिळते हे कोणालाच माहीत नसताना.

समुद्री शेवाळाबद्दल सध्या जे बोलले जाते, त्यातले किती खरे, किती अर्धवट आणि किती निव्वळ जाहिरात, हे नीट पाहू.

आत्ताच ही चर्चा का?

याची तीन कारणे दिसतात. पहिले, कोरियन मालिका आणि जपानी पदार्थांमुळे नोरीचे काळे-हिरवे कागदी पापुद्रे आता आपल्या सुपरमार्केटमध्येही मिळू लागले आहेत. दुसरे, केंद्र सरकारने समुद्री शेवाळाची शेती मनावर घेतली आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत त्यासाठी ६४० कोटी रुपयांची तरतूद होती आणि २०२१ च्या अर्थसंकल्पात तमिळनाडूत शेवाळाचे खास उद्यान उभारण्याची घोषणा झाली. किनाऱ्यावरच्या महिलांना यातून रोजगार मिळणार असेल तर ते स्वागतार्हच आहे. तिसरे कारण आपल्या विषयाशी थेट जोडलेले आहे. चीनने २०१९ मध्ये तपकिरी समुद्री शेवाळापासून बनवलेल्या एका औषधाला अल्झायमरसाठी मान्यता दिली. ती बातमी जगभर गेली आणि आजही व्हॉट्सअॅपवर फिरते. त्या औषधाचे पुढे काय झाले, ते मात्र फिरत नाही. त्याकडे आपण येऊच.

या चर्चेला श्रोता मिळतो, कारण भीती खरी आहे. भारतातल्या साठ वर्षांवरील लोकांचा मोठा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार या वयोगटात ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया आहे. आकड्यात सांगायचे तर सुमारे ८८ लाख माणसे. मुले पुण्या-मुंबईत किंवा परदेशात, घरी दोघेच वृद्ध, त्यातला एक विसरू लागलेला, अशी घरे प्रत्येक कॉलनीत आहेत. अशा वेळी 'नैसर्गिक' उपाय सुचवणारा कोणीही जवळचा वाटतो.

समुद्री शेवाळ म्हणजे नेमके काय?

आपल्याला हे अन्न परके वाटते, पण तसे ते नाही. पुडिंगसाठी वापरतात ते चायना ग्रास, म्हणजे अगर-अगर, लाल समुद्री शेवाळापासूनच बनते. आइस्क्रीम आणि चॉकलेट दुधाला दाटपणा आणणारे कॅराजीनन हेही शेवाळातूनच येते. फरक इतकाच की यात शेवाळातला घट्टपणा आणणारा भाग वापरला जातो. त्यातून मेंदूसाठीची म्हणून सांगितली जाणारी द्रव्ये मिळत नाहीत.

खाण्याच्या शेवाळाचे ढोबळमानाने तीन गट आहेत. तपकिरी गटात कोंबू, वाकामे, हिजिकी येतात. लाल गटात नोरी येते. हिरव्या गटात पालेभाजीसारखी दिसणारी 'सी लेट्यूस' येते. स्पिरुलिना मात्र या यादीत नाही. ती गोड्या किंवा खाऱ्या तळ्यात वाढणारी सूक्ष्मजीवांची जात आहे. दुकानात दोन्ही एकाच फळीवर असतात, म्हणून गोंधळ होतो.

मेंदूच्या संदर्भात ज्या द्रव्यांची नावे घेतली जातात, ती मुख्यतः तपकिरी गटातली आहेत. फ्युकोइडन ही एक गुंतागुंतीची साखर. फ्युकोझँथिन हे रंगद्रव्य. फ्लोरोटॅनिन ही चहातल्या कषाय द्रव्यांच्या जातीची. आणि सॅरिंगोस्टेरॉल हे वनस्पतीतील कोलेस्टेरॉलसारखे एक द्रव्य. मेंदूतली सूज कमी करणे, पेशींची झीज रोखणे, अल्झायमरमध्ये साचणारे अमायलॉइड प्रथिन कमी करणे, असे गुण त्यांच्या नावावर सांगितले जातात.

उंदीर ते माणूस : पुराव्याच्या पायऱ्या

हे दावे खोटे आहेत असे मी म्हणत नाही. पण ते कोणत्या पायरीवरचे आहेत, हे पाहायला हवे. पहिली पायरी काचेच्या बशीतल्या पेशी. दुसरी उंदीर. तिसरी, कोण काय खातो आणि कोणाला काय होते याच्या नोंदी. चौथी, माणसांवरची छोटी चाचणी. आणि पाचवी, शेकडो रुग्णांवर, काहींना औषध आणि काहींना तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी देऊन, कोणाला काय मिळाले हे डॉक्टरलाही कळू न देता केलेली चाचणी.

फ्युकोइडन आणि फ्युकोझँथिनबद्दलचे बहुतेक संशोधन पहिल्या दोन पायऱ्यांवर आहे. सॅरिंगोस्टेरॉलवर युरोपातल्या शास्त्रज्ञांनी चांगले काम केले. अल्झायमरसारखा आजार घडवून आणलेल्या उंदरांची स्मरणशक्ती त्यामुळे टिकली. पण अल्झायमरच्या संशोधनात उंदीर बरे होणे ही नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. उंदरांवर चाललेली असंख्य औषधे माणसावर निष्प्रभ ठरली आहेत.

तिसऱ्या पायरीवर जपान येतो. जपानी लोक शेवाळ खातात, दीर्घायुषी असतात, मग शेवाळामुळेच असेल, हा तर्क सोपा आहे. पण शेवाळ खाणारा जपानी माणूस मासे, सोयाबीन आणि भरपूर भाज्याही खातो, चालतो आणि नियमित तपासण्याही करून घेतो. या सगळ्यातून शेवाळाचा वाटा वेगळा काढणे अवघड आहे.

आणखी एक गोष्ट आपल्यासाठी महत्त्वाची आहे. 'नेचर' या नियतकालिकात २०१० मध्ये एक सुंदर शोध प्रसिद्ध झाला. नोरीतली साखर पचवणारी जनुके काही जपानी लोकांच्या आतड्यातल्या जिवाणूंमध्ये सापडली. ती मुळात समुद्रातल्या जिवाणूंची होती आणि बहुधा पिढ्यान्‌पिढ्या कच्चे शेवाळ खाल्ल्याने तिथून आली होती. तुलनेसाठी तपासलेल्या उत्तर अमेरिकेतल्या लोकांमध्ये ती नव्हती. ज्वारी-बाजरी, डाळ-भात पचवत आलेल्या आपल्या आतड्यात शेवाळ तसेच वागेल, हे गृहीत धरता येत नाही.

चौथ्या पायरीवर इंग्लंडमधल्या नॉर्थंब्रिया विद्यापीठाचा २०१८ चा अभ्यास आहे. ६० निरोगी व्यक्तींना जेवणाआधी तपकिरी शेवाळाचा अर्क किंवा तशीच दिसणारी दुसरी कॅप्सूल दिली. जेवणानंतरच्या सुस्तीच्या काळात अर्क घेतलेल्यांची लक्ष देण्याच्या काही कसोट्यांवरील कामगिरी थोडी बरी होती. माणसे निरोगी, मात्रा एक, आणि परिणाम काही तासांचा. यातून 'स्मृतिभ्रंश टळतो' असा निष्कर्ष निघत नाही. जाहिरातीत मात्र याच जातीच्या अभ्यासाला 'वैद्यकीयदृष्ट्या सिद्ध' म्हणतात.

चीनच्या औषधाची पुढची गोष्ट

पाचव्या पायरीपर्यंत पोहोचलेले शेवाळजन्य औषध म्हणजे चीनचे जीव्ही-९७१. तपकिरी शेवाळातल्या साखरेचे लहान तुकडे करून ते बनवले होते. आतड्यातल्या जिवाणूंमध्ये बदल घडवून ते मेंदूतली सूज कमी करते, असे त्यामागचे म्हणणे होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये चीनच्या औषध नियामकाने त्याला मान्यता दिली. ती सशर्त होती. पुढे आणखी पुरावा द्यायचा, या बोलीवर.

ज्या चाचणीवर ही मान्यता आधारली होती, तीत ८१८ रुग्ण होते आणि ती ३६ आठवडे चालली. शेवटी औषध घेणाऱ्यांचा गट स्मरणशक्तीच्या ७५ गुणांच्या मोजपट्टीवर सरासरी २.१५ गुणांनी पुढे होता. आकडेशास्त्राच्या दृष्टीने हा फरक खरा होता. पण रोजची कामे जमणे, वागणुकीतला त्रास, रुग्णाची एकूण स्थिती या बाबतीत ठोस फरक दिसला नाही. टीकाकारांनी आणखी एक गोष्ट दाखवली. बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांची प्रकृती शेवटच्या बारा आठवड्यांत अचानक घसरली आणि फरक मुख्यतः त्यामुळे उठून दिसला. अल्झायमर नऊ महिन्यांत साधारणपणे असा उतार दाखवत नाही.

म्हणून अनेक देशांत, दोन हजारांच्या आसपास रुग्णांवर मोठी चाचणी सुरू झाली. ती मे २०२२ मध्ये मध्येच थांबवली गेली. कोविड आणि पैशांची अडचण अशी कारणे कंपनीने दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये चीनमधल्या सशर्त मान्यतेची मुदत संपली आणि तिचे नूतनीकरण झाले नाही. २०२५ मध्ये उत्पादन थांबल्याची बातमी आली. आज कोणी 'चीनमध्ये शेवाळाचे औषध अल्झायमरवर मान्य आहे' असा निरोप पाठवला, तर तो शिळा आहे हे लक्षात ठेवा.

या गोष्टीचा एक जुना भाऊही आहे. लाल शेवाळात आढळणाऱ्या होमोटॉरिन या द्रव्यापासून कॅनडाच्या एका कंपनीने अल्झायमरचे औषध तयार केले. उत्तर अमेरिकेत हजारावर रुग्णांवर झालेल्या चाचणीत ते २००७ मध्ये अपयशी ठरले. पुढच्याच वर्षी तेच द्रव्य 'स्मरणशक्तीसाठी पूरक आहार' म्हणून बाजारात आले. औषध म्हणून विकायला पुरावा लागतो, पूरक आहार म्हणून विकायला तितका लागत नाही. डबीवरची जाहिरात वाचताना हा फरक लक्षात ठेवावा.

शेवाळातले सगळेच मेंदूच्या मित्रयादीत नाही

'नैसर्गिक आहे, अपाय तर होणार नाही' हे वाक्य मी रोज ऐकतो. मेंदूशास्त्रात एक द्रव्य फार प्रसिद्ध आहे, कायनिक अॅसिड. जपानमध्ये पूर्वी जंतांवर एक लाल शेवाळ देत. त्यातूनच १९५३ मध्ये ते वेगळे काढले गेले. प्रयोगशाळेत उंदरांना फिट आणायची असेल किंवा त्यांच्या स्मरणशक्तीच्या केंद्राला इजा करायची असेल, तर शास्त्रज्ञ आजही हेच द्रव्य वापरतात.

त्याचे भावंड डोमोइक अॅसिड. तेही प्रथम जपानमध्ये लाल शेवाळातच सापडले. १९८७ मध्ये कॅनडात शिंपल्यांतून ते लोकांच्या पोटात गेले. तिथे त्याचा उगम डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म शेवाळात होता. शंभरहून अधिक लोक आजारी पडले, तिघांचा मृत्यू झाला आणि काहींची नवी आठवण साठवण्याची क्षमता कायमची गेली. नोरी किंवा वाकामे खाल्ल्याने असे होते, असा याचा अर्थ नाही. पण समुद्रातून आलेले म्हणजे मेंदूला हितकारकच, हा समज यातून तरी जावा.

जे सिद्ध झाले आहे : आयोडीन

१८११ मध्ये फ्रान्समध्ये नेपोलियनच्या युद्धांसाठी बंदुकीची दारू लागत होती. तिच्यासाठी लागणारे क्षार बेर्नार कुर्त्वा हा रसायनज्ञ समुद्री शेवाळाच्या राखेतून काढत असे. एकदा त्या राखेवर जास्त आम्ल पडले आणि जांभळी वाफ उठली. ते आयोडीन होते. नऊ वर्षांनी जिनिव्हाच्या एका डॉक्टरने गलगंडावर त्याचा वापर केला.

आयोडीनशिवाय थायरॉइडचे संप्रेरक तयार होत नाही आणि त्या संप्रेरकाशिवाय गर्भाचा मेंदू नीट घडत नाही. गरोदरपणाच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत बाळाची स्वतःची ग्रंथी काम करत नसते. ते पूर्णपणे आईच्या संप्रेरकावर अवलंबून असते. नेमक्या याच काळात तुटवडा झाला तर झालेले नुकसान नंतर भरून निघत नाही. टाळता येण्याजोग्या बौद्धिक अपंगत्वाचे जगातले सर्वांत मोठे कारण आयोडीनची कमतरता, हे जागतिक आरोग्य संघटना कित्येक वर्षे सांगत आली आहे. कमतरता सौम्य असली तरी फरक पडतो. 'लॅन्सेट'मध्ये २०१३ साली ब्रिटनमधल्या हजारावर माता-मुलांचा अभ्यास आला. गरोदरपणात आयोडीन कमी असलेल्या मातांच्या मुलांची भाषिक बुद्धिमत्ता आणि वाचन आठ-नऊ वर्षांच्या वयात मागे पडलेले दिसले.

भारताने या कामात मोठी वाट चालली आहे. १९५६ पासून हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे एक लाख लोकसंख्येत आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग केला आणि गलगंड घटतो हे दाखवले. त्यातून १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. २००६ पासून खाण्यासाठी आयोडीन नसलेले मीठ विकण्यावर देशभर बंदी आहे. तरीही २०१८-१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पुरेसे आयोडीन असलेले मीठ वापरणारी घरे ७६.३ टक्के होती. म्हणजे चारातले जवळपास एक घर अजूनही उणे आहे.

पूर्वी ही उणीव दुर्गम भागातली आणि खड्याच्या मिठाची होती. आता ती शहरातल्या शिकलेल्या घरांत 'शुद्ध', 'खनिजयुक्त' सैंधवाच्या रूपाने येते आहे. उपवासाला शेंदेलोण वापरणे ही आपली जुनी पद्धत आहे, त्याला कोणाची ना नाही. पण वर्षभराचा सगळा स्वयंपाक त्यात केला, तर घरातला आयोडीनचा मुख्य स्रोत जातो. सैंधवात नैसर्गिकपणे असलेले आयोडीन नगण्य असते. रक्तदाबासाठीही त्याचा वेगळा फायदा नाही, कारण तेही बहुतांशी सोडियम क्लोराइडच आहे.

मग शेवाळाच्या कॅप्सूलमधून आयोडीन घेतले तर?

इथे अडचण उलटी होते. प्रौढ माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते, गरोदर स्त्रीला २५०. अमेरिकेतली वरची मर्यादा ११०० आहे. कोंबूसारख्या तपकिरी शेवाळाच्या एका ग्रॅममध्ये दोन हजारांहून अधिक मायक्रोग्रॅम असू शकते. प्रमाण जात, समुद्र, हंगाम आणि प्रक्रिया यांप्रमाणे कितीतरी बदलते आणि अनेक डब्यांवर ते लिहिलेलेच नसते. नोरीत मात्र ते खूप कमी असते.

जास्त आयोडीनने थायरॉइड मंदावू शकतो किंवा भडकू शकतो. थायरॉइडचा जुना त्रास असलेल्यांना आणि वृद्धांना हा धोका अधिक. जपानच्या होक्काइदो किनाऱ्यावर कोंबू भरपूर खाणाऱ्यांमध्ये गलगंड दिसला होता. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियात कोंबू घातलेले एक सोया दूध बाजारातून परत घ्यावे लागले. ते पिणाऱ्या अनेकांना थायरॉइडचे विकार झाले होते आणि पुढे मोठी भरपाई द्यावी लागली. थायरॉइड बिघडला की विसराळूपणा, सुस्ती, छातीत धडधड, झोप न लागणे अशी लक्षणे येतात. म्हणजे स्मरणशक्तीसाठी घेतलेली कॅप्सूल स्मरणशक्तीच बिघडवू शकते.

आणखी दोन सूचना. हिजिकी या जातीत आर्सेनिकचे घातक रूप जास्त असते, म्हणून ब्रिटन आणि कॅनडाच्या अन्न यंत्रणा ती खाऊ नका असे सांगतात. आणि रक्त पातळ करणारी वॉरफेरिनसारखी गोळी सुरू असेल, तर शेवाळातील व्हिटॅमिन के तिचा परिणाम कमी करू शकते आणि फ्युकोइडन उलट रक्त आणखी पातळ करू शकते. हृदयाची झडप बदललेल्या रुग्णाला हे परवडणारे नाही.

डबीवर एफएसएसएआयचा क्रमांक आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. तो उत्पादकाचा अन्न परवाना असतो, गुणाची पावती नसते. मेंदूचे विकार बरे करण्याचा दावा जाहिरातीत करणे १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने मना आहे. म्हणूनच जाहिराती 'बरे करते' असे न म्हणता 'मेंदूला साथ देते' असे म्हणतात.

शेवाळ आणि ओमेगा-३

शाकाहारी रुग्ण विचारतात, "मासे खात नाही, मग शेवाळाचे ओमेगा-३ घेऊ का?" माशांच्या अंगातले डीएचए मुळात सूक्ष्म शेवाळातूनच येते, हे खरे. शेवाळापासून बनवलेल्या डीएचएच्या कॅप्सूल हा शाकाहारींसाठी माशाच्या तेलाला खरा पर्याय आहे, हेही खरे. पण अल्झायमर झालेल्या ४०२ रुग्णांना अमेरिकेत दीड वर्ष रोज दोन ग्रॅम असेच डीएचए दिले गेले. २०१० मध्ये निकाल आला. आजाराची गती कमी झाली नाही. डीएचए अन्न म्हणून चांगले आहे. स्मृतिभ्रंशाचे औषध म्हणून नाही.

विसराळूपणा वाढला तर आधी काय पाहावे?

मी मेंदूविकारतज्ज्ञ नाही, जनरल प्रॅक्टिस करतो. पण विसराळूपणाची तक्रार पहिल्यांदा आमच्यासारख्यांकडेच येते आणि तिची काही कारणे साध्या तपासणीत सापडतात.

सर्वांत आधी व्हिटॅमिन बी-१२. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये पुणे परिसरातल्या ४४१ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी होते आणि शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होते. शाकाहार, मेटफॉर्मिन आणि वर्षानुवर्षे चालणाऱ्या अॅसिडिटीच्या गोळ्या यांनी ते आणखी घटते. बी-१२ कमी झाले की हातापायांना मुंग्या, तोल जाणे आणि विसराळूपणा येतो. स्पिरुलिनातले बी-१२ बहुतांशी आपल्या शरीराला न वापरता येणारे असते, त्यावर विसंबू नका.

त्यानंतर थायरॉइड, साखर, रक्तदाब, सोडियम, ऐकू येणे, दृष्टी, झोपेच्या गोळ्या आणि उदासी. 'लॅन्सेट'च्या २०२४ च्या आयोगाने स्मृतिभ्रंशाची बदलता येण्याजोगी १४ कारणे दिली आणि ती सांभाळली तर सुमारे ४५ टक्के रुग्ण टाळता किंवा लांबवता येतील असे सांगितले. कमी ऐकू येणे, वाढलेले कोलेस्टेरॉल, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकटेपणा, व्यायाम नसणे ही त्यातली काही. महिन्याला कॅप्सूलवर जाणारे पैसे साठवले, तर श्रवणयंत्राच्या खर्चाला हातभार लागेल. आजोबांना पुन्हा ऐकू येऊ लागले की ते घरातल्या गप्पांत परत येतात, आणि मेंदूला तेच हवे असते.

घरात करण्यासारखे

१. मिठाच्या पाकिटावर 'आयोडीनयुक्त' हा शब्द आणि हसऱ्या सूर्याचे चिन्ह पाहा. सैंधव हवेच असेल तर आयोडीनयुक्त सैंधव मिळते, ते घ्या.

२. मीठ झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवा. शेगडीशेजारी उघडे ठेवू नका. शक्य तिथे स्वयंपाकाच्या शेवटी घाला.

३. आयोडीनसाठी मीठ वाढवू नका. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, ही मर्यादा सगळ्यांसाठी. दूध-दही, अंडी, मासे यांतूनही आयोडीन मिळते.

४. गरोदर असाल किंवा बाळाचा विचार असेल तर आपल्या डॉक्टरांना मिठाचा प्रकार आवर्जून सांगा. लोह-फॉलिक अॅसिडच्या गोळीत आयोडीन नसते.

५. नोरी आवडत असेल तर अधूनमधून खुशाल खा. कोंबूचे सूप रोज नको, हिजिकी नकोच.

६. थायरॉइडचा विकार, गरोदरपण, रक्त पातळ करणारी गोळी यांपैकी काही असेल तर शेवाळाची कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. घेत असाल तर डबी दाखवा, लपवू नका.

७. विसराळूपणामुळे रोजची कामे अडत असतील, ओळखीचा रस्ता चुकत असेल, व्यवहारात गोंधळ होत असेल तर 'वय झालं' म्हणून थांबू नका. तपासण्या करून घ्या.

त्या कुटुंबाचे पुढे

सासूबाईंचे बी-१२ बरेच कमी निघाले. थायरॉइडची तपासणी मर्यादेच्या कडेवर होती. कॅप्सूल बंद केली, बी-१२ ची इंजेक्शने दिली आणि तीन महिन्यांनी थायरॉइड पुन्हा तपासला, तो ठीक होता. चालणे आणि उत्साह सुधारला. विसराळूपणा कमी झाला, पूर्ण गेला नाही. म्हणून पुढे मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवले. त्यांना पहिल्या टप्प्यातला स्मृतिभ्रंशही असू शकतो, हे मी मुलाला स्पष्ट सांगितले. कोणत्याही डबीत याचे उत्तर नाही, हे ऐकणे त्याला जड गेले.

सुनेला त्याच दिवशी आयोडीनयुक्त मीठ सुरू करायला सांगितले, थायरॉइड तपासला आणि तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना चिठ्ठी दिली. तिने विचारले, "आधीच्या दोन-तीन महिन्यांत काही नुकसान झालं असेल का?" मी खरे तेच सांगितले. तुझी थायरॉइडची तपासणी चांगली आहे, ही दिलासा देणारी गोष्ट आहे, आणि आजपासून जे हातात आहे ते नीट करू. तेव्हापासून दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक नवविवाहितेला मी घरात कोणते मीठ वापरता हे विचारतो.

शेवाळावरचे संशोधन चालू राहावे. उद्या त्यातून खरे औषध मिळाले तर मीच आनंदाने लिहून देईन. तोवर समुद्राने मेंदूसाठी दिलेली सिद्ध झालेली देणगी काही रुपयांच्या मिठाच्या पाकिटात आहे. आज स्वयंपाकघरात जाऊन ते पाकीट एकदा वाचा.

(हा लेख माहितीसाठी आहे. स्वतःची औषधे सुरू किंवा बंद करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.)